विमानाने आलेली तुळस

गंगापूर रोड, नाशिक
१८ नोव्हेंबर २००४

गोरक्ष,

आशीर्वाद. ते भांडणातही चालू असतात, म्हणून आधी लिहून टाकले.

भाऊबीजेला तू आला नाहीस. पाट मांडला होता तो दुपारी दोनला उचलला. बासुंदी शेजारच्यांना दिली. त्यांनी चांगली झाली म्हणून सांगितलं, तुला कळावं म्हणून लिहिते.

पत्र का लिहिते तेही सांगते. मी फोन केला की तू ‘हं’ म्हणतोस आणि रिसीव्हर ठेवतोस. बत्तीस वर्षं मी नाशिकच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडले, कलेक्टरसाहेबांपासून विंचूरच्या कांदेवाल्यांपर्यंत. माझ्या कानावर कोणी फोन आपटलेला मी खपवून घेत नाही. पत्र आपटता येत नाही. फार तर फाडशील, पण त्याआधी तुझी बायको वत्सला ते वाचून घेईल. वत्सला, वाचून झालं की त्याच्या हातात दे.

तुझा राग दोन गोष्टींचा आहे. एक, चार वर्षांपूर्वी तुझ्या निकिताच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या फॉर्मवर पालक म्हणून मी सही केली. सही माझीच आहे, त्यावर मला काही म्हणायचं नाही. दुसरी गोष्ट देवळ्याच्या पाहुण्यांची. तू त्यांना सांगून ठेवलंस, मुलगी मुंबईत ऑफिसात आहे. मुलाची आई मला विचारते, कुठल्या ऑफिसात? मी काय खोटं बोलायचं? ‘वरळीला थायलंडच्या जेवणाचं हॉटेल आहे, तिथे स्वयंपाकघरात आहे,’ म्हणाले. ‘म्हणजे कोंबडी-मासे शिजवते?’ ‘ज्याला जे हवं ते शिजवते.’ अर्धे पोहे बशीत टाकून मंडळी उठली. ज्यांना पोहे संपवायची रीत नाही त्यांच्या घरी आपली पोर गेली नाही, याचा मला आनंद आहे. तुला नाही, हे समजते. बाबा गेल्यावर तू माळ घातलीस, मांसमच्छी सोडलीस, आणि तुझी लेक तेच हातानं करते, हे तुला लागतं. लागू दे. पण तिच्याशी सहा महिने बोलायचं नाही, हे कुठल्या माळेत सांगितलंय?

ती कशी आहे ते तू विचारत नाहीस, म्हणून न विचारता सांगते. नोकरी अजून कच्ची आहे. मार्चअखेर कायम करतील किंवा काढतील. काढलं तर घरी येईन आणि तुम्ही म्हणाल त्या पाहुण्यांसमोर बसेन, असं तिनं वत्सलाकरवी तुला कबूल केलंय. तेव्हा मार्चअखेर काय होतं याकडे तू डोळे लावून असणार. मीही आहे, फक्त उलट्या बाजूनं.

तिथला मोठा शेफ तिला लसूण सोलायला आणि गाजराची फुलं कोरायला बसवतो. म्हणतो, मुलींना मोठी कढई पेलत नाही. बाराव्या वर्षी जिनं फवारणीचा पंप पाठीवर घेतला, तिला हे ऐकावं लागतं. पण त्यानं एक दार किलकिलं ठेवलंय. त्यांच्याकडे एक शाकाहारी पदार्थ आहे. अळिंबी, फरसबी, सोयाबीनचं पनीर, आणि वर बेसिल नावाचं पान. गुजराती-मारवाडी गिऱ्हाईक तोच मागवतं आणि निम्मा टाकून जातं. शेफ म्हणाला, ‘ही बशी आठवडाभर रिकामी परत आणून दाखव, कढई तुझी.’

मग निकिताचा मला फोन. ‘आत्या, दुसऱ्या हॉटेलांत हे कसं करतात ते खाऊन बघायला हवं. मी गेले तर तिथली पोरं ओळखतात. तू जा. तुझी जीभ एवढी तिखट आहे, कधी तरी तिचा उपयोग होऊ दे.’ बोलायची ही पद्धत तिनं कुणाकडून उचलली, देव जाणे.

मंगळवारी पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला गेले. पहिलं हॉटेल कुलाब्याचं. आत इतका अंधार की मेन्यूकार्ड मी खिडकीशी नेऊन वाचलं. बशीशेजारी दोन काड्या ठेवल्या होत्या. मी वेटरला म्हटलं, ‘बाळ, विणकाम मी घरी करते. चमचा आण.’ सूप आलं, त्यात गवती चहाचे बोटभर तुकडे. ‘मॅडम, ते चावायचं नाही.’ जे चावायचं नाही ते वाढता कशाला, असं विचारलं तर हसला. भाजी आली ती गोड. गुळाचं पाणी घातल्यासारखी. पान म्हणून जे होतं तो आपला सब्जा, फालुद्यातल्या बियांचं झाड. दोन घास खाऊन ठेवून दिली. परतीच्या गाडीत कसाऱ्याला वडापाव खाल्ला तेव्हा जेवल्यासारखं वाटलं.

अक्का


नाशिक
७ डिसेंबर २००४

गोरक्ष,

उत्तराची वाट बघितली नाही, त्यामुळे आलं नाही याचं वाईट वाटलं नाही.

आणखी दोन हॉटेलं झाली. वांद्र्याचं नाव घ्यायचीही लायकी नाही. शाकाहारी म्हणून जी बशी माझ्यासमोर ठेवली तिला माशाचा वास. मी मासे खाते, मला वास कळतो. मॅनेजरला बोलावलं. तो म्हणतो, ‘थोडं फिश सॉस असतं मॅडम, त्याशिवाय चव येत नाही.’ मी त्याला इंग्रजीतून, शाळेत सिस्टर बर्नाडेटनं शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीतून, विचारलं की शाकाहारी या शब्दाचा तुमच्याकडे नेमका अर्थ काय? शेजारच्या टेबलावर एक जैन बाई चमचा तोंडाशी नेऊन बसल्या होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला. दहा मिनिटांत अर्धं हॉटेल रिकामं झालं. मी पाणी पिऊन निघाले.

हे तुला एवढ्यासाठी सांगते, की तू म्हणतोस तिकडे सगळा भ्रष्टाकार चालतो. काही ठिकाणी चालतो. निकिताच्या हॉटेलात मी तिला आधी हेच विचारलं. ती शाकाहारी कढई वेगळी ठेवते. माशाच्या सॉसऐवजी सोयाबीनचं घालते. शेफ त्यावरून तिला ‘पंडितजी’ म्हणून चिडवतो. ती चिडत नाही. हा गुण वत्सलाचा, आपल्या घरातला नव्हे.

तिसरं अंधेरीचं. इथे चमचा आणि काटा दोन्ही ठेवले होते. मी काटा डाव्या हातात घेतला आणि त्यानं खायला लागले, तर वाढणारी मुलगी, मणिपूरकडची असावी, हळूच म्हणाली, ‘आंटी, काट्यानं फक्त ढकलायचं, खायचं चमच्यानं. थायलंडमध्ये असंच खातात. काड्या फक्त शेवयांना.’ म्हणजे कुलाब्याच्या त्या शहाण्यांना हेसुद्धा माहीत नाही. मी तिचे आभार मानले. कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली, शेंगदाणे, लिंबू आणि मिरची घातलेली. मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या बांधावर पपया पडून सडतात, त्या हे लोक केवढ्या थाटानं किसून वाढतात.

भाजी मात्र इथेही फसलेली. पान पुन्हा सब्जाच. मऊ, गोडसर, बडीशेपेसारखं. निकिताला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘आत्या, पुस्तकात दुसरं पान लिहिलंय. तिखट, लवंगेसारखं. शेफ म्हणतो ते भारतात मिळत नाही.’

मी विचारलं, शेफ भारतात कुठे कुठे फिरलाय?

वत्सलाच्या गुडघ्याला आता बरं असावं.

अक्का


नाशिक
४ जानेवारी २००५

गोरक्ष,

काल समुद्रावरच्या मोठ्या हॉटेलात जाऊन आले. दारातला फेटेवाला माझ्याकडे आणि माझ्या कापडी पिशवीकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, ‘पिशवी बघायची असेल तर बघा, आत छत्री, चष्मा आणि औषधं आहेत.’ त्यानं दार उघडलं.

आत सगळं शांत. शेफ थायलंडची बाई, माझ्याच वयाची, बुटकी. काचेपलीकडे उभी राहून स्वतः कढई हलवत होती. मुलींना कढई पेलत नाही म्हणणाऱ्याला इथे आणून बसवायला हवं होतं. मी तीच भाजी मागवली. पहिला घास घेतला आणि थांबले. आधी मिरची, मग लवंगेसारखं काही तरी, आणि मागून एक वास, जो मला जन्मापासून माहीत आहे. सर्दी झाली की आई ज्याचा काढा पाजायची, तोच वास.

वेटरला विचारलं, हे पान कुठलं? तो म्हणाला, ‘होली बेसिल, मॅडम. आठवड्यातून दोनदा बँकॉकहून विमानानं येतं.’

मी बशी पुसून खाल्ली. चमच्यानं शेवटचा रस गोळा केला. सिस्टर बर्नाडेटनं बघितलं असतं तर छडी घेतली असती.

पान कुठलं ते मी ओळखलं. इथे लिहीत नाही.

वत्सला, तुझ्याकडे एक काम आहे. माझ्या गॅलरीत डास फार झालेत. तुळस लावावी म्हणते. रोपं नकोत, ती माझ्या हातानं जगत नाहीत. मळ्यातल्या काळ्या तुळशीच्या चार चांगल्या जुड्या शनिवारी फूलबाजारात येणाऱ्या कुणाबरोबर पाठव. देठासकट, पहाटे कापलेल्या.

अक्का


नाशिक
२५ जानेवारी २००५

गोरक्ष,

परवा तू माझ्या दारात उभा होतास. आत ये म्हटलं, आला नाहीस. जिन्यातल्या जिन्यात जे बोलणं झालं ते मी इथे लिहून ठेवते, कारण त्यात मी हरले, आणि हरलेलं लपवायची मला सवय नाही.

‘अक्का, तुळस कुठं हाय?’

‘गॅलरीत.’

‘गॅलरीत कोरफड हाय. मला रस्त्यावरून दिसली. वत्सलानं तीनदा जुड्या दिल्या. कुठं गेल्या?’

‘मुंबईला.’

‘कशाला?’

‘खायला.’

तू जिन्याचा कठडा धरलास. मग विचारलंस, ‘कशासंगं?’

मी म्हणाले, अळिंबीबरोबर. तुला ते पटलं नाही. तू गळ्यातली माळ बोटानं उचलून दाखवलीस. ‘हे काय हाय? दिसतंय ना तुला? हीच तुळस तू त्या कोंबड्यांच्या चुलीवर धाडती, आन वर मला डासांचं सांगती.’

तेव्हा मी बोलले ते बोलायला नको होतं. म्हणाले, ‘द्वादशीला तुळस तोडू नये म्हणतात. तू द्वादशीलाही विळ्यानं वाफेच्या वाफे कापतोस आणि जुड्या करून बाजारात विकतोस. तेव्हा माळ कुठे असते?’

तू आवाज चढवला नाहीस. ‘मी हारासाठी कापतो. ती कुणाच्या गळ्यात जाणार ते मला ठाव असतंय. तुझी कुठं गेली, तू सांग. तुला तरी ठाव हाय का?’

आणि उतरून गेलास. मला ठाऊक नव्हतं, हे खरं. मी जुड्या गाडीत घालून दिल्या, पुढे कुठल्या कढईत पडल्या ते विचारलं नव्हतं. आणि डासांचं खोटं होतं. तेही लिहिते. देवळ्याच्या बाईंना खरं सांगणारी मी, सख्ख्या भावाला पत्रातून खोटं लिहिलं.

संध्याकाळी निकिताला फोन लावला. काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं. तसंच लिहिते, एक शब्द माझा नाही.

पहिल्या जुडीची भाजी तिनं केली ती शेफनं चाखली. त्यानं आणखी एक चमचा घेतला. मग म्हणाला, ‘ये पत्ता तुझे कहाँ से मिला?’ आणि उरलेली जुडी उचलून चिकनच्या कढईकडे निघाला. त्यांचं सगळ्यात खपणारं ते चिकनच. निकितानं त्याच्या हातातून जुडी काढून घेतली. सहा महिन्यांच्या नोकरीची कच्ची पोर, सगळं स्वयंपाकघर बघत होतं. म्हणाली, ‘चिकनमध्ये हे नाही जाणार.’

‘क्यों? सोने का है?’

‘मेरे बाप के गले में है.’

हे दोन आठवड्यांपूर्वीचं. म्हणजे तू जिन्यात मला माळ दाखवलीस त्याच्या आधीचं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर मुळीच नाही. मी असते तर जुडी देऊन कढई मागून घेतली असती.

शेफ भडकला. म्हणाला, ठीक आहे, तुझं पान तुझ्या भाजीत घाल, पण मी ते विकत आणणार नाही. मार्चचा शेवटचा आठवडा तुझा. सोमवार ते रविवार, सात दिवस बश्या रिकाम्या आल्या तर कढईवर उभी राहा, नाही तर लसूणही दुसरा कुणी सोलेल.

आता पान नाही. वत्सला देणार नाही. तिला तू बोललास ते मला कळलं, आणि त्यात चूक माझी होती, तिची नाही. नाशिकच्या फूलबाजारातून मी एक जुडी नेऊन बघितली. दोन दिवस पाणी मारून ठेवलेली, चव गेलेली. दादरला मिळते ती त्याहून वाईट. समुद्रावरच्या हॉटेलासारखं विमान तिच्याकडे नाही.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त कळवते.

अक्का


नाशिक
२३ मार्च २००५

गोरक्ष,

निकिताचा फोन आला. सोमवारी सकाळी ती मिळेल ती तुळस घ्यायला दादरच्या फूलबाजारात गेली, तर तुझ्या झेंडूच्या क्रेटांमध्ये तिच्या नावाचं ओलं पोतं होतं, आत पहाटेची तुळस. मंगळवारीही. आजही.

टेम्पोवाल्यानं तिला निरोप दिला, ‘पाणी मारू नको म्हणलेत. पोतंच ओलं ठेव.’ बाकी काही नाही.

तीन दिवस बश्या रिकाम्या गेल्या.

मी याबद्दल तुला काही लिहिणार नव्हते. लिहिलं तर तू थांबवशील अशी भीती होती. पण वत्सला म्हणाली, लिहा वन्सं, ते वाट बघत्यात.

अक्का


नाशिक
२८ मार्च २००५

गोरक्ष,

आज लिहायची काहीच गरज नाही. काल दिवसभर आपण तिघं बरोबर होतो. पण तुला मी ओळखते. दोन महिन्यांनी तू म्हणशील, असं काही झालं नाही, अक्का वाढवून सांगते. म्हणून सगळं ताजं असताना लिहून ठेवते. वत्सला साक्षीला आहे.

शनिवारी तू आपण होऊन फोन केलास. म्हणालास, ‘उद्या मुंबईला काम हाय.’ काय काम ते सांगितलं नाहीस. रविवारी सकाळी स्टेशनवर तू नवा सदरा घालून, वत्सला पैठणी नेसून. तुझ्या हातात पिशवी. त्यात वांगी, मेथी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली तुळशीची जुडी. ‘लेकीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं,’ तू म्हणालास. हे तुझं मुंबईतलं काम.

हॉटेलात शिरताना तू चपला दाराबाहेर काढायला निघालास, मी दंड धरून आत आणलं. निकिताला आपण येणार हे ठाऊक नव्हतं. ती पांढऱ्या कोटात बाहेर आली, तुला बघून थबकली. तू तिला ‘कशी आहेस’ विचारलं नाहीस. विचारलंस, ‘कढई येगळी हाय का?’

ती आत गेली आणि अख्खी कढई दोन्ही हातांनी उचलून दारात आणून दाखवली. ‘ही, आप्पा. हिच्यात दुसरं काही पडत नाही.’

‘बरं. आण मग.’

भाजी आली. तू चमचा बाजूला ठेवून हातानं खाल्लंस, कुणाकडे न बघता. वत्सला म्हणाली, भात चिकट हाय. तू म्हणालास, ‘त्यांचा तसाच असतोय. खा.’ जणू बँकॉकलाच वाढलास. मी तुझ्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर हसू आलं असतं आणि तू उठून गेला असतास.

पण भाजी बरोबर नव्हती. मला कळत होतं, तुलाही. पान काळं, कडवट. शेजारच्या टेबलावर बारा-तेरा जणांचं गुजराती कुटुंब होतं. त्यांच्या आजीबाईंनी पानं चमच्यानं कडेला सारली. मग सुनेनं सारली. वेटर निम्म्या भरलेल्या तीन बश्या घेऊन आत गेला. सातवा दिवस होता. दाराच्या गोल काचेतून शेफ बश्या मोजत होता. निकिताचा चेहरा मला दिसत होता. मी शपथेवर सांगते, गोरक्ष, त्या क्षणी मला वाटलं, आता तुझं झालं. तुला फक्त स्वस्थ बसायचं होतं. पाच टेबलं आणखी तशीच गेली असती, आणि उद्या पोर तुझ्या घरी आली असती. तुला जे हवं होतं ते समोर आयतं मांडलं होतं.

तू उठलास. पिशवी घेऊन सरळ आत गेलास. वेटर ‘सर, सर’ करत मागे. मीही गेले; असं काही माझ्याशिवाय होऊ देत नाही.

‘तुळस कुठं ठिवली?’

निकितानं स्टीलचा डबा दाखवला, फ्रिजमधून काढलेला. रविवारची गर्दी म्हणून शेफनंच सकाळी सगळी पानं खुडून, धुऊन, डब्यात भरून ठेवली होती. मदत म्हणून, असं तो म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं.

तू डबा उघडलास. आतली पानं चहाच्या चोथ्यासारखी. ‘ही फ्रिजात ठिवतात व्हय? थंडीनं मरती ती. पानं खुडून नाय ठिवायची. देठासकट, ओल्या पोत्यात, सावलीला. कढईत टाकायच्या येळेला खुडायची.’ शेफला मराठी येत नव्हतं, पण त्यानं मान हलवली. मग तू हिंदीत बोललास. तुझं हिंदी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, पुन्हा ऐकायची इच्छा नाही. ‘साब, ये पत्ता हय ना, इसको ठंडी नय चलती. मेरे को पूछना था.’

पिशवीतून जुडी काढलीस, फडकं सोडलंस आणि निकिताच्या हातात दिलीस. ‘गॅस बंद कर, मग टाक. जाळू नको.’

ती कढईशी उभी राहिली. मी नाशिकचे सगळे आचारी बघितलेत, लग्नातले, मठातले, हॉटेलांतले. तुझी पोर कढई झेलते तशी कुणाला झेलताना बघितलं नाही. मनगट हलतं आणि सगळं वर जाऊन परत येतं, फरसबीची एक शेंग खाली पडत नाही. मग ज्वाला बंद, मूठभर पानं, एक उलथणं, संपलं. तो वास आला तेव्हा शेफनं डोळे मिटले. तू तिच्या मनगटाकडे बघत होतास. मी तुझ्याकडे.

गुजराती टेबलावर नव्या बश्या गेल्या. आजीबाईंनी पहिला घास घेतला, सुनेला काही तरी म्हणाल्या, आणि मग पाच मिनिटं त्या टेबलावर कुणी बोललं नाही. गुजराती बारा माणसं पाच मिनिटं गप्प, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. बश्या आल्या त्या धुतल्यासारख्या. आजीबाईंनी आणखी एक मागवली.

शेफ तुझ्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली. ‘अंकल, आप क्या क्या उगाते हैं?’ तू सांगायला लागलास, झेंडू, शेवंती, मेथी, वांगी. त्यानं वहीत लिहून घेतलं. मग निकिताकडे वळून म्हणाला, ‘कल से रेंज पे. लेटर मंगल को मिलेगा.’ म्हणजे मोठ्या शेगडीवर, आणि कायम. एवढंच. तिनं ‘येस शेफ’ म्हटलं आणि पुढची बशी लावायला घेतली. मी तिच्या वयाची असते तर चार गोष्टी सुनावल्या असत्या. तिनं सुनावल्या नाहीत म्हणून ती तिथे आहे आणि मी पेन्शनीत.

मागच्या दारात निघताना वत्सलानं तिचा हात धरला. डोळे पुसत म्हणाली, ‘आता झालं ना सगळं. चार दिवस चल घरी. आजच चल. पंचवटीला जागा मिळंल.’ निकिता गोंधळली. आत कुणी तरी तिच्या नावानं हाक मारली, दोन टेबलांची ऑर्डर लागली होती. ती एकदा आईकडे बघे, एकदा आत.

आणि तू वत्सलाची बोटं एकेक करून सोडवलीस. ‘सोड तिला,’ म्हणालास. ‘गिऱ्हाईक थांबलंय.’

ती आत पळाली.

हे वाक्य तुझं आहे, गोरक्ष. मी त्यात काना-मात्रेचा फरक केलेला नाही.

अक्का